मागची फट

फेब्रुवारी सरत आला तेव्हा वैजनाथ बाऱ्याचं बिऱ्हाड संग्रामपूरकडून उठलं आणि एका टेम्पोत बसून देऊळगाव राजाला आलं. मागे दोन पेट्या, गाद्यांची वळकटी, गॅसची शेगडी, पोरीची सायकल, आणि त्या सगळ्याच्या बेचक्यात वैजनाथ, त्याची पोरगी श्रद्धा आणि बायको जयमाला. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी तिचा सासरा शेषराव, मांडीवर रिकामा माठ धरून. खामगाव सोडल्यावर रस्ता चढाला लागला, टेम्पो हेलकावे खाऊ लागला, तेव्हा वैजनाथ मागून म्हणाला, "बाबा, थो माठ इकळे द्या. कपड्याइत ठेवतो, फुटनार नाही."

"राहू दे."

"हात भरून येतीन तुमचे."

"माहे हात हायेत," शेषराव म्हणाला.

तो माठ प्यायच्या पाण्याचा नव्हता. तो पानमळ्याच्या दाराशी असायचा. पानं पिकवणाऱ्या बाऱ्याच्या मळ्यात शिरायचं तर चपला बाहेर काढायच्या, माठातलं पाणी पायांवर घ्यायचं, मग वाकून आत जायचं. आत नागवेलीची ओली सावली. बायांनी त्यांच्या चार दिवसांत मळ्यात पाय टाकायचा नाही, माठाला हात लावायचा नाही. जयमाला लग्न होऊन आली त्या दिवशी सासूने तिला हे दारातच उभं करून सांगितलं होतं, आणि सासू गेल्यावरही तिने ते कधी मोडलं नव्हतं.

तरी तीन वर्षांपूर्वी मळा गेला. आधी पानं पिवळी पडली, मग वेल खालून काळे होत गेले, आणि एका उन्हाळ्यात वेलांच्या आधाराची शेवरीची झाडं नुसती उभी राहिली. विहिरीचं पाणी खारं झालं होतं हे गावाला दिसत होतं. पण हातपंपावर बाया दुसरंच बोलल्या. सून बाहेरची, शहरात शिकलेली, तिने विटाळ पाळला नसेल. शेषराव यावर एक शब्द बोलला नाही. फक्त त्या उन्हाळ्यापासून त्याने जयमालेशी सरळ बोलणं सोडलं. काही सांगायचं झालं तर नातीला सांगे. "श्रद्धे, तुह्या मायले म्हन, चहात साखर जास्त झाली." जयमाला समोर उभी असली तरी.

आपण शिरलो नव्हतो हे तिला सांगायचं होतं. पण तिला कोणी विचारलंच नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर कसं द्यायचं?

मळा गेल्यावर वैजनाथ सुरतेला कापडाच्या गोदामात गठ्ठे वाहायला गेला. दिवाळीला यायचा, पोर त्याला ओळखायला दोन दिवस घ्यायची. मग कोणीतरी सांगितलं की देऊळगाव राजाकडे जाळीच्या शेडमध्ये बियाण्याचं काम निघतं, बोटं हलकी असलेलं अख्खं कुटुंब लागतं, राहायला खोली मिळते. पानं खुडणाऱ्या, जुड्या बांधणाऱ्या बाऱ्यांची बोटं हलकीच. वैजनाथ बायकोला म्हणाला, "हे जमलं तं आपुन एका जागी राहू. नाही जमलं तं मले पुन्हा सुरतच हाय." जयमालेने त्यातलं पहिलं वाक्य धरून ठेवलं आणि दुसरं पेटीच्या तळाशी घातलं.

खोली गावाच्या दक्षिण टोकाला, भगवानरावांच्या शेतात होती. भगवानराव जमिनीचे आणि शेडचे मालक. समोर एक कोरडा नाला, आणि नाल्यापलीकडे जालना जिल्हा. पलीकडचं कुत्रं भुंकलं की वैजनाथ पोरीला सांगे, "भिऊ नको, थे दुसऱ्या जिल्ह्याचं हाय. इकळे येऊन चावाची त्याले परवानगी नाही."

ऊन त्यांना नवीन नव्हतं. संग्रामपूरला काय कमी ऊन. पण तिथे मळा होता. दुपारी आत जाऊन बसलं की मान आपोआप थंड व्हायची. इथे बसायला जागाच नव्हती. खोलीवर पत्रा, खाली फरशी, भोवती मुरमाड माळ. मार्च लागता लागता टाकीतलं पाणी अकराच्या आत तापू लागलं. श्रद्धा शाळेतून आली की दप्तर टाकून खाटेखाली शिरे आणि फरशीला गाल लावून पडे.

"शाळेत काय झालं व?" जयमाला विचारी.

"मी 'मले' म्हनते तं पोरी हासतात."

"मंग 'मला' म्हनाव."

"तू म्हन आधी."

जयमाला म्हणायला गेली आणि तिलाच हसू आलं.

शेड होती अर्ध्या एकराची. हिरवी जाळी, आत काकडीचे वेल, वरच्या तारांना सुतळीने टांगलेले. पुरुषभर उंचीचे. शेषरावने पहिल्या दिवशी दाराशी येऊन वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि चपला काढल्या. माठ भरून आणला, दाराच्या उजव्या अंगाला तीन दगडांवर बसवला, पायांवर पाणी घेतलं.

बियाण्याच्या कंपनीचा सुपरवायझर प्रसेनजित तिथे उभा होता. तिशीतला, उन्हाने रापलेला, डोक्यावर टोपी. तो म्हणाला, "आजोबा, चपला राहू द्या. खाली तारेचे तुकडे पडलेले असतात."

"वेल हाय ना?"

"काकडीचा आहे."

"मंग वेलच झाला," शेषराव म्हणाला आणि वाकून आत गेला. वाकायची गरज नव्हती. दार चांगलं उंच होतं.

प्रसेनजित हसला, पण वाईट हसला नाही. "तसं कंपनीचंही म्हणणं आहे, पाय धुऊन आत जा म्हणून. दोन वर्षं सांगतोय, कोणी ऐकत नाही." मग त्याने वैजनाथ आणि जयमालेला ओळीत नेऊन काम दाखवलं. एका कडेच्या ओळी नराच्या, बाकी सगळ्या मादीच्या. मादीच्या वेलावर नराचं फूल दिसलं की खुडून टाकायचं. उद्या उमलणारी मादीची कळी आज संध्याकाळी ओळखायची आणि कागदाची टोपी घालायची. सकाळी नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या, मादीच्या फुलात हलक्या हाताने फिरवायचं, टोपी परत घालायची, देठाला धागा बांधायचा. झालं क्रॉसिंग. हे सहा ते दहाच्या आत. दहानंतर उन्हाने फूल मरतं आणि त्या दिवसाचं फळ गेलं ते गेलं.

"आणि एक," प्रसेनजित म्हणाला. "या शेडमध्ये साप शिरला तर चालेल. मधमाशी नको. एक माशी बाहेरून भलताच पराग घेऊन आली तर सगळं बियाणं फेकायचं. मागे कचरा काढायला फट आहे, तारेने बांधलेली. ती उघडी राहता कामा नये."

"आन् फळ नाही धरलं तं?" वैजनाथने विचारलं.

प्रसेनजितने टोपी काढून पुन्हा घातली. "पहिल्या बहराला मी येऊन बघणार. निम्म्याच्या खाली धरलं तर भगवानराव शेड दुसऱ्या कुटुंबाला देतील. जालन्याकडचे लोक विचारून जातात रोज. मी आधीच सांगून ठेवतो."

त्यांच्याबरोबर शकीला नावाची गावातली बाई रोजाने कामाला होती. चाळिशी ओलांडलेली, गुडघ्याने अधू, तोंडाने तल्लख. वैजनाथच्या हातून पहिल्याच दिवशी तीन कळ्या मोडल्या तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, फुलाचं लग्न लावायचं हाय. कुस्ती नाही."

"सुरतेले गठ्ठे उचलले ना भाभी. हात राठ झाले."

"मग तुमी टोप्या घाला. तुमची मिसेस करील क्रॉस."

आणि जयमालेला ते खरंच आलं. नागवेलीचं पान खुडताना अंगठ्यात लोखंडी नख असे, तरी शेजारच्या पानाला ओरखडा जायचा नाही, तसंच हे. कान जवळ नेऊन ऐकल्यासारखी ती फुलाशी वाकायची, आणि धागा बांधून झाल्यावर देठ हलतही नसे. पहाटे पदराला धाग्यांचा जुडगा खोचून ती आत जायची, दहा वाजता बाहेर यायची तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटलेला, डोळ्यांसमोर हिरवे ठिपके. मग भाकरी, मग दुपारभर नको ती फुलं खुडणं, संध्याकाळी टोप्या. जाळीच्या आत वारा नव्हता. घाम गालावरून ओघळायचा आणि तो फुलावर पडू नये म्हणून ती कपाळाला फडकं बांधायची. शेषराव पाण्याचे कॉक फिरवी, वेल तारेवर चढवी. कोणाला काही बोलत नसे. पण वेल बांधताना त्याच्या सुतळीची गाठ मळ्यातली असे, एका झटक्यात सुटणारी. प्रसेनजितने ती गाठ दोनदा करून बघितली, त्याला आली नाही.

असा आठवडा गेला. धाग्याचा रंग तोवर लाल होता. आणि एका सकाळी, बहर ऐन भरात आलेला असताना, जयमालेला पाळी आली. तिच्या हिशेबाने आठ दिवस आधी. प्रवासाने असेल, नाहीतर त्या उन्हाने.

अंधार पुरता फिटला नव्हता. वैजनाथ दारात चपला घालत होता.

"मी येत नाही आज," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला समजलं. "आजच व्हाव लागे काय?"

"मी काय बोलावनं धाडलं त्याले?"

त्याने दुसरी चप्पल पायात सरकवली. मग म्हणाला, "इथं काय मळा हाय? काकडी तं हाय."

"मामाजीले सांगा मंग."

वैजनाथ बापाला काही सांगणार नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं. शेषराव बाहेर माठ भरत होता. त्याने सुनेला शेगडीपासून लांब, भिंतीकडे बसलेलं पाहिलं आणि काही न विचारता शेडकडे निघाला.

त्या दिवशी वैजनाथने आणि शकीलाने दोघांनी मिळून जे जमलं ते केलं. दहा वाजता शेडच्या मागल्या अर्ध्यात कागदाच्या टोप्या तशाच होत्या. दुपारी प्रसेनजित आला. त्याने दोन टोप्या काढून बघितल्या. आत फुलं चुरगळून तपकिरी झाली होती.

"हे काय?"

"बायकोची तब्येत बरी नाही," वैजनाथ म्हणाला.

भगवानराव बरोबर होते. जाड शरीराचे, शांत बोलणारे गृहस्थ. त्यांनी वैजनाथकडे न बघता प्रसेनजितला म्हटलं, "मी म्हटलो होतो तुम्हाला. लांबची माणसं आणली की असं होतं. उद्या-परवा बघू, नाहीतर त्या जालन्याच्या माणसाला फोन लावा." वैजनाथ तिथेच उभा होता. त्याच्या हातात टोप्यांची पिशवी होती आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

हे सगळं शकीलाने खोलीवर येऊन जयमालेला सांगितलं. चहा मागितला. जयमाला म्हणाली, "आज माह्या हातचा नाही चालत."

"कोणाला नाही चालत? मला चालतो. टाक."

चहा झाला. शकीला दोन्ही हातांनी गुडघा दाबत म्हणाली, "काय होऊ राहिलं तुला? ताप?"

जयमालेने सांगितलं. मळ्याचं सांगितलं, माठाचं सांगितलं. हातपंपावरच्या बायांचं सांगायचं नव्हतं, तेही निघालं.

शकीलाने कप फरशीवर ठेवला. मग म्हणाली, "आमच्यातही हाय ना. नमाज नाही, रोजा नाही. अल्लाने सुट्टी दिली. पण शेठने नाही दिली. मी दर महिन्याला जाते त्या शेडात. काकडीने कधी कंप्लेंट नाही केली."

"तुमच्या सासऱ्याचा माठ नाही दारात."

"दारात हाय," शकीला म्हणाली. "मागं नाही."

जयमालेने मान वर केली.

"त्या मागच्या फटीची तार हातानं सुटते. बुढा पुढं बसतो, मागच्या ओळी त्याला दिसत नाहीत. वेल डोक्याच्या वर गेला हाय. तू मागून ये, मागून जा. वैजनाथभाऊ पुढं करतील, मी मधात." तिने पिशवीतून धाग्याचा नवा जुडगा काढला. लाल संपला होता. हा निळा होता. "तुला जायचं नसंल तर जाऊ नको. मी रोजानं हाय, मला दुसरी शेड सापडते. तुम्ही अख्खं बिऱ्हाड घेऊन टेम्पोनं आले."

जयमालेने धागा घेतला नाही. शकीलाने तो खाटेवर ठेवला आणि लंगडत गेली.

दुसऱ्या दिवशी दिशा उजळायच्या सुमाराला जयमाला शेडच्या मागे उभी होती. हातात निळा धागा. पायात चपला होत्या. ती वाकली, तार सोडली, आणि मग तिला कळेना की चपला काढाव्या की नाही. पाय धुवायला पाणी नव्हतं. तिने चपला काढल्या आणि जाळीबाहेर दगडाआड ठेवल्या. आत पाय टाकला तेव्हा माती गार होती. तार आतून पिळून घेतली आणि पहिल्या टोपीला हात घातला.

दूर पुढे शेषराव खाकरला. माठावर तांब्या वाजला. ती जागच्या जागी थांबली. मग उजेड वाढला, आणि फुलं वाट बघत नव्हती.

तीन सकाळी ती अशी गेली. वैजनाथला पहिल्याच दिवशी कळलं. निळे धागे त्याने बघितले, आणि दुपारी तिच्यासमोर बसून भाकरी मोडता मोडता हळूच म्हणाला, "बाबाले समजलं तं?"

"तं तुम्ही म्हना मले ठाऊक नव्हतं."

"असं कसं म्हनू?"

"सोपं हाय. तुम्ही कायच म्हनत नाही एरवी."

तो हसला नाही. पण आपल्या ताटातला कांदा त्याने तिच्या ताटात सरकवला.

चौथा दिवस उलटला, तिने न्हाणं केलं आणि पुढल्या दाराने, पाय धुऊन, आत जाऊ लागली. मागल्या ओळींत बोटाएवढी फळं धरली होती, निळा धागा गळ्यात बांधून. ती रोज जाऊन बघायची.

मग ऊन एकदम चढलं. वारा नाल्याकडून येई आणि तव्यावरून आल्यासारखा लागे. आणि रविवारी सकाळी मागल्या ओळींतले वेल माना टाकून उभे होते. पुढचे ताजे, मधले ताजे, मागचेच तेवढे. पानं लोंबलेली, फळं सुतळीला लटकलेली.

शेषरावनेच ते पहिल्यांदा पाहिलं. त्याने हाक मारली नाही. सगळे येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला, एक पान दोन बोटांत धरून. वैजनाथ आला, शकीला आली, जयमाला आली. श्रद्धाला सुट्टी होती, ती आईच्या मागे आली. मळा जायला लागला त्या सकाळीही शेषराव असाच पान धरून उभा होता. जयमालेला ते आठवलं.

"श्रद्धे," शेषराव म्हणाला, "इचार तुह्या बापाले. थ्या चार दिवसाइत ह्या वळीइत कोन आलतं?"

श्रद्धाने बापाकडे पाहिलं. वैजनाथ म्हणाला, "मीच व्हतो, बाबा."

"तुह्या हातची गाठ नाही हे." त्याने निळ्या धाग्याला बोट लावलं. "इचार श्रद्धे, कोन आलतं."

शकीला काहीतरी बोलायला गेली. जयमालेने तिचा हात धरला. तिचा आवाज साधाच आला.

"मी आलती, मामाजी. माह्या चार दिवसाइत आलती. मांगच्या फटीतून."

तिने शकीलाचा हात सोडला.

"इथं आलती," ती म्हणाली. "मळ्यात कधीच नाही आलती."

शेषरावने पान सोडलं. तिच्याकडे त्याने पाहिलं की नाही ते तिला कळलं नाही, कारण तिची नजर त्याच्या पायांवर होती. चिखलाने भरलेले, भेगाळलेले, अनवाणी. ते पाय वळले आणि ओळीतून पुढे गेले.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. वैजनाथने ताट नेलं, ते त्याने झाकून ठेवलं. श्रद्धा म्हणाली, "आबा, मायनं नाही केली भाकर, बाबानं केली. वाकळीच झाली." तरी नाही. तो खाटेवर नाल्याकडे तोंड करून बसून राहिला. जयमालेने मनाशी पेट्या भरायला घेतल्या. भांडी खाली, कपडे वर. सायकल टेम्पोच्या मागल्या फळीला बांधायची. सुरतेची गाडी भुसावळवरून. तिला रडू आलं नाही. उकाड्याने माणूस रडतही नाही, असं तिला वाटलं.

सकाळी ती शेडमध्ये गेली तेव्हा माठ भरलेला होता, पण शेषराव दाराशी नव्हता. मागल्या टोकाला तो उकिडवा बसला होता. मुळांजवळून जाणारी काळी ठिबकची नळी त्याने मातीतून उपसून मांडीवर घेतली होती. जयमाला दोन ओळी अलीकडे वेलाआड थांबली.

नळीच्या भोकांवर पांढरी पुटं चढली होती. शेवटच्या टोकाला सगळ्यात जास्त. पाणी पुढच्या ओळींना मिळत होतं, मागे येईपर्यंत भोकं बुजलेली. शेषरावने नखाने एक पूट उकरलं. हातावर घेऊन बघितलं. मग जिभेला लावलं.

तो थुंकला नाही. तोंडात घोळवत बसला. चव ओळखीची असावी तसा त्याचा जबडा हळू हळू हलत राहिला, आणि मग थांबला. संग्रामपूरच्या विहिरीवर, शेवटच्या वर्षी, बादलीच्या कडेवर असंच पांढरं जमायचं. जयमाला रोज राखेने घासायची आणि दुसऱ्या दिवशी ते परत असायचं. तिने ते त्या वेळी कोणाला दाखवलं नव्हतं. सगळ्यांना दिसतच होतं.

बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याने टोपीच्या घडीत खोचलेली सुई काढली, पोतं शिवायची, आणि एकेक भोक मोकळं करू लागला. डोळे बारीक करून, मान नळीशी नेऊन. उन्हं वर आली तरी तो उठला नाही. जयमालेने पुढच्या ओळींत क्रॉसिंग सुरू केलं. दहाच्या सुमाराला मागून पाण्याचा टपटप आवाज येऊ लागला.

संध्याकाळपर्यंत वेलांनी माना उचलल्या. काही फळं गळाली, फार नाही. त्या रात्री शेषराव जेवला. भाकरी कोणी केली ते त्याने विचारलं नाही, आणि ती गोल होती.

पुढच्या आठवड्यात प्रसेनजित आणि भगवानराव बहर बघायला आले. प्रसेनजित ओळीओळीने चालत गेला. पुढचा लाल धागा बरा होता. त्यानंतर एक पट्टा रिकामाच, तिथे तो थांबला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. मग तो मागे गेला आणि एकेक वेल उचलून बघू लागला.

"निळ्यात जवळजवळ सगळं धरलंय," तो शेवटी म्हणाला. "या ओळी सुकल्या होत्या म्हणालात ना? इतकं फळ मला दुसऱ्या कुठल्याही शेडमध्ये दाखवता येणार नाही. कोणी केलं हे?"

वैजनाथने बापाकडे पाहिलं. शकीलाने जाळीकडे. शेषराव सुतळी सोडवत होता. तो म्हणाला, "घरच्या मानसानं केलं."

भगवानरावांनी एक काकडी हातात तोलली, धाग्यासकट, आणि सोडून दिली. "बरं आहे," ते म्हणाले. "राहा मग." जालन्याच्या माणसाचं नाव त्यांनी काढलं नाही. जाताना त्यांनी माठातलं पाणी प्यायला तांब्या बुडवला, तेव्हा शेषरावने त्यांना सांगितलं की ते प्यायचं नाही, पायाचं आहे. भगवानराव गोंधळले, मग तांब्यातलं पाणी पायांवर ओतून घेऊन गेले. शकीला त्या दिवशी दुपारपर्यंत मधूनमधून हसत होती.

एप्रिल आला. खालची फळं पिवळी पडू लागली, वरच्या शेंड्यांवर शेवटची फुलं येत होती. शेषराव अजून नातीशीच बोले. "श्रद्धे, मायले म्हन पानी तापलं, टाकीवर पोतं टाक." जयमाला पोतं टाके. श्रद्धा शाळेत 'मला' म्हणू लागली होती आणि घरी 'मले', आणि एकात दुसरं मिसळत नव्हती. वैजनाथने सुरतेचा फोन आला तेव्हा "पाहू" म्हटलं, पण ते म्हणताना तो सुतळी वळत होता आणि त्याचं फोनकडे लक्ष नव्हतं.

मग तिची पाळी पुन्हा आली.

ती पहाटे उठली. आता लपवायचं काही नव्हतं आणि विचारायचं कोणाला तेही माहीत नव्हतं. पुढल्या दाराने जायची हिंमत तिला झाली नाही. धागा घेतला आणि ती शेडला वळसा घालून मागे गेली. दगडाआड चपला काढल्या, वाकली, तारेसाठी हात पुढे केला.

तार नव्हती. फटच नव्हती. वरपासून खालपर्यंत जाळी सुतळीने शिवून टाकलेली होती, पोत्याच्या सुईने, जवळ जवळ टाके घालून, आणि शेवटी ती एका झटक्यात सुटणारी गाठही नव्हती. पक्की गाठ होती.

तिने टाक्यांवरून बोट फिरवलं. जाळीपलीकडे फुलं उमलायला लागली होती. वाटलं, परत खोलीवर जावं, भिंतीकडे बसावं. मग वाटलं, नाही. बंद केलं असेल तर दारात उभं राहून म्हणू दे. श्रद्धाला मधात न घालता म्हणू दे. तिने चपला हातात घेतल्या आणि जाळीच्या कडेकडेने, माळावरच्या काट्यांतून, पुढे चालत आली.

शेषराव दाराशी बसला होता. माठ भरलेला, तांब्या त्याच्या हातात. तिने चपला खाली ठेवल्या आणि माठापासून चार हात लांब उभी राहिली.

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. डाव्या टाचेत काटा मोडला होता, रक्ताचा ठिपका आला होता.

"मांगून येत नको जाऊ," तो तिला म्हणाला. "माशी शिरते तिकून."

"हाव," ती म्हणाली.

तो थोडा पुढे सरकला, गुडघ्यावर हात टेकून, आणि तांब्या तिच्या पायांवर उपडा केला. पाणी रात्रभर उघड्यावर राहिलेलं, थंड होतं. आधी उजवा पाय, मग डावा. काट्याच्या जागी त्याने धार जरा जास्त वेळ धरली.

"जा मंग," शेषराव म्हणाला. "उजाळलं."